हातच्याविना वाढत गेलेली संख्या : प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर

२२ डिसेंबरच्या राष्ट्रीय गणित दिनासाठी यंदा एकाच संख्येवर मोठा भिंतीतक्ता करायचा, असे नववीच्या गणित मंडळाच्या बैठकीत आज ठरले. संख्या सतरा अंकी आहे : १२३४५६७८९८७६५४३२१. नऊ एक ओळीने लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग आहे, एवढे बहुतेक मुलांना ठाऊक होते, कारण मोबाइलवर फिरणाऱ्या 'गणितातील गमतीजमतीं'मध्ये ही ओळ हमखास असते. मी अट एकच घातली : तक्त्यावर एकही गुणधर्म कारणाशिवाय लागणार नाही. जे दिसते ते तसेच का दिसते, हे ज्याला फळ्यावर उभे राहून मांडता येईल, त्यानेच तो गुणधर्म तक्त्यावर लिहायचा.

पहिली अडचण संगणक कक्षात आली. मुलांनी स्प्रेडशीटमध्ये १११११११११ चा वर्ग काढला, तेव्हा उत्तर आले १२३४५६७८९८७६५४३००. शेवटी ३२१ च्या जागी ३००. दोघांना वाटले, आपण आजवर चुकीचेच पाठ केले. मी त्यांना यंत्र बाजूला ठेवून विचार करायला सांगितले. ज्या संख्येचा एकक १ आहे तिच्या वर्गाचा एककही १ च असणार, म्हणून शून्याने संपणारे उत्तर चूकच. शिवाय ३०० ने संपणारी कोणतीही संख्या पूर्ण वर्ग असूच शकत नाही, कारण तिला १०० ने भागल्यावर उरणारी, ३ ने संपणारी संख्या वर्ग असावी लागेल आणि वर्गसंख्येचा एकक कधीही ३ नसतो.

चूक कुठली, तेही मुलांना सांगितले. स्प्रेडशीट संख्येचे पहिले पंधरा अंकच जपते. तिच्या मुळाशी असलेल्या नेहमीच्या साठवण पद्धतीत २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंतचेच सर्व पूर्णांक नेमके मावतात. त्याच्या पुढे दुपटीपर्यंत फक्त सम संख्यांना जागा आहे. आपली संख्या त्या हद्दीपलीकडची आणि विषम, म्हणून तिला तिथे जागाच नाही. पायथन या संगणकभाषेत तोच वर्ग काढल्यावर सतरा अंक बिनचूक आले. तरीही तक्त्यासाठीची सगळी आकडेमोड आधी कागदावर करायची आणि यंत्राने फक्त पडताळायची, असे ठरले.

२० नोव्हेंबर

आज चौकटीच्या वहीत सरळ गुणाकार मांडला. नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. मग उभे स्तंभ मोजले. उजवीकडच्या टोकाला एक, त्याच्या शेजारी दोन, असे वाढत मधल्या नवव्या स्तंभात नऊ एक येतात आणि तिथून पुन्हा एकेक कमी होत सतराव्या स्तंभात एकच उरतो. कोणत्याही स्तंभाची बेरीज ९ च्या वर जात नसल्यामुळे हातचा कुठेच घ्यावा लागत नाही, आणि म्हणून स्तंभांची मोजदाद हेच उत्तराचे अंक. संख्या डावीकडून व उजवीकडून सारखी वाचली जाते, त्याचे सगळे रहस्य या हातचा नसण्यात आहे.

याच चौकटीतून दुसरा गुणधर्म फुकट मिळाला. मांडणीत नऊ नव्वे एक्याऐंशी एक आहेत आणि हातचा नसल्यामुळे त्यांतला एकही हरवत नाही. म्हणून उत्तराच्या अंकांची बेरीज ८१ च आली पाहिजे, आणि ती तशीच येते.

मग दहा एकांचा वर्ग करून पाहिला. मधल्या स्तंभात दहा येतात, तिथे शून्य लिहून हातचा एक पुढच्या नऊला मिळतो, त्याचे दहा होतात, पुन्हा शून्य लिहून हातचा एक, तो आठला मिळून नऊ. उत्तर : १२३४५६७९००९८७६५४३२१. सममिती मोडली. अंकांची बेरीज १०० यायला हवी होती, ती ८२ आली. प्रत्येक हातच्याला एका स्तंभातले दहा जाऊन शेजारी एकच मिळतो, म्हणजे बेरजेत ९ ची तूट पडते; इथे दोन हातचे, म्हणून १८ ची तूट. नऊ एकांची संख्या ही या मालिकेतली शेवटची सुंदर पायरी आहे, असे मी म्हटले तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "बाई, पण या दुसऱ्या संख्येच्या डाव्या भागात आठ कुठे गेला?" १, २, ३, ४, ५, ६, ७ आणि एकदम ९. प्रश्न वहीच्या समासात नोंदवून ठेवला आहे.

२३ नोव्हेंबर

संख्या मोठ्याने वाचायची कशी, हा प्रश्न आज निघाला. हजार, लाख, कोटी इथपर्यंत सगळे एकमत होते, पुढे गोंधळ. भास्कराचार्यांनी लीलावतीत दिलेली स्थाननामे फळ्यावर लिहिली : एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अठरा नावे, प्रत्येक आधीच्याच्या दसपट. आपल्या संख्येला सतरा घरे लागतात, म्हणजे एकट्या परार्धाचे घर रिकामे राहते आणि बाकी सर्व घरे भरतात.

मुलांनी ती त्या नावांनी वाचली : १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकु, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ सहस्र, ३ शत, २ दश, १. पाढा म्हणावा तशी लय लागली. एरवी ही यादी पाठ करायला मुले कंटाळतात. आज ती दोनदा म्हणून झाल्यावरही थांबेनात. तक्त्याच्या वरच्या कडेला सतरा चौकटींची पट्टी आणि प्रत्येक चौकटीखाली स्थानाचे नाव, ही कल्पना त्यांचीच.

२६ नोव्हेंबर

आजचा दिवस या प्रकल्पातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. संख्या उजवीकडून नऊ अंकांवर तोडली : १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. या दोन तुकड्यांची बेरीज ९९९९९९९९९. अंक वर-खाली लिहिल्यावर हे डोळ्यांनाच दिसते, कारण ०१२३४५६७८ च्या प्रत्येक अंकाला नऊपर्यंत नेणारा पूरक अंक खालच्या तुकड्यात त्याच जागी बसलेला आहे.

याचे कारण शोधताना आम्ही मागून पुढे गेलो. १११११११११ ला ९ ने गुणले की ९९९९९९९९९, आणि ९ ने भागले की १२३४५६७९. म्हणून वर्ग म्हणजे १२३४५६७९ गुणिले ९९९९९९९९९. आता ९९९९९९९९९ ने गुणणे म्हणजे संख्येपुढे नऊ शून्ये लिहून तीच संख्या एकदा वजा करणे. १२३४५६७९००००००००० मधून १२३४५६७९ वजा करा. डावीकडच्या तुकड्यातून एक उसना घ्यावा लागतो, म्हणून ७९ चे ७८ होतात, आणि उजवीकडे १०००००००००-१२३४५६७९ म्हणजे ९८७६५४३२१ उरतात. डाव्या भागातला हरवलेला आठ उसनवारीतूनच परत येतो, हे त्या वजाबाकीत प्रत्यक्ष घडताना दिसले, तेव्हा वर्गात क्षणभर कोणीच बोलले नाही.

ही वजाबाकी मी मुद्दाम दोन वेगळ्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा करवून घेतली, कारण तक्त्याचा मधला भाग हीच असणार. दोन तुकड्यांची बेरीज सगळे नऊच का, याचे उत्तरही इथेच आहे : ९९९९९९९९९ ने भाग जाणाऱ्या अठरा अंकांपर्यंतच्या कोणत्याही संख्येचे नऊ-नऊ अंकांचे तुकडे मिळवले की ९९९९९९९९९ किंवा त्याची दुप्पटच येणार, आणि अग्रस्थानी १ असलेल्या आपल्या संख्येला दुप्पट गाठणे शक्य नाही.

३० नोव्हेंबर

मूळ अवयव. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो, भागाकार १२३४५६७९. तीन-तीन अंकांचे गट पाडले तर १११ × १००१००१, म्हणून १११ मधला ३७ हाही अवयव. १२३४५६७९ ला ३७ ने भागल्यावर ३३३६६७ मिळतात. म्हणजे आपली संख्या = ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग, पण ३३३६६७ ही मूळ संख्या आहे हे सिद्ध झाले तरच ही मांडणी पूर्ण.

३३३६६७ चे वर्गमूळ ५७७ पेक्षा किंचित अधिक आहे. तिथपर्यंत १०६ मूळ संख्या आहेत आणि तेवढे भागाकार करण्याची मुलांची तयारीही होती, परंतु मी त्यांना आधी विचार करायला लावले. समजा, ३३३६६७ ला भागणारी एखादी मूळ संख्या आहे. ती ९९९९९९९९९ लाही भागणारच, म्हणून तिचा व्यस्तांक दशांशात लिहिला तर आवर्ती गटाची लांबी ९ ची विभाजक असणार : १, ३ किंवा ९. लांबी १ असेल तर ती संख्या ३. लांबी ३ असेल तर ती ९९९ ला भागणारी, म्हणजे ३७. परंतु ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८ असल्याने ३ ने भाग जात नाही, आणि ३७ ने भागल्यास बाकी १ उरते. उरली लांबी ९. फर्माच्या प्रमेयाप्रमाणे आवर्ती गटाची लांबी मूळ संख्येतून एक वजा करून येणाऱ्या संख्येला भागते. ती संख्या समही असते, म्हणून शोध फक्त १८ च्या पाढ्यात एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्यांमध्ये घ्यायचा. अशा संख्या ५७७ पर्यंत सतरा : १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. एकशे सहाच्या जागी सतरा भागाकार.

ते सतरा भागाकार पाच जणांनी वाटून घेतले. दुपारी एक मुलगा धावत आला : "बाई, १६३ ने पूर्ण भाग गेला!" त्याने १६३ × २०४७ चे उत्तर ३३३६६१ असे बरोबर काढले होते, पण इंग्रजी अंकांत घाईने लिहिलेला शेवटचा एक त्याला सात वाटला. बाकी ६ होती. रागावण्याचे कारण नव्हते. उलट पडताळणी का हवी याचा याहून चांगला दाखला मला देता आला नसता. त्यानंतर प्रत्येक भागाकार दुसऱ्या विद्यार्थ्याने उलट गुणून तपासला. ५२३ ने भागताना बाकी ५१६ आली, म्हणजे सात अधिक असते तर भाग पूर्ण गेला असता. सतरापैकी एकानेही भाग जात नाही. ३३३६६७ मूळ आहे.

त्याचा व्यस्तांकही काढला : ०.०००००२९९७ आणि हाच नऊ अंकांचा गट पुन्हा पुन्हा. ३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९ हे पाहिल्यावर त्याचे आश्चर्य उरत नाही.

३ डिसेंबर

विभाजकांची संख्या : घातांक ४, २, २, म्हणून ५ × ३ × ३ = ४५. विषम आहे, कारण संख्या वर्ग आहे. बावीस जोड्या लागतात आणि १११११११११ एकटा उरतो. १ ते ९ ची बेरीजही ४५ येते, पण तिचा विभाजकांच्या या मोजणीशी काही संबंध नाही. मुलांना हा योगायोग तक्त्यावर हवा होता. कारण मांडता आले नाही, म्हणून घेतला नाही.

संख्या हर्षद आहे, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने, ८१ ने, तिला निःशेष भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग. हे तक्त्यावर घेतले.

६ डिसेंबर

ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात मांडता येईल का? मूळ अवयवांकडे पाहिले की उत्तर मिळते. ४ ने भागल्यावर ३ बाकी उरणाऱ्या मूळ संख्या, इथे ३ आणि ३३३६६७, वर्गांच्या अशा बेरजेत स्वतः फुटत नाहीत, त्या दोन्ही पदांतून सामाईक बाहेर पडतात. फुटतो तो फक्त ३७, आणि ३७ चा वर्ग = ३५ चा वर्ग + १२ चा वर्ग. सामाईक भाग ९ × ३३३६६७ = ३००३००३. म्हणून

१०५१०५१०५ चा वर्ग + ३६०३६०३६ चा वर्ग = १११११११११ चा वर्ग.

ज्या काटकोन त्रिकोणाच्या बाजू पूर्णांकांत आहेत आणि कर्ण १११११११११ आहे, असा त्रिकोण एवढा एकच. आकडे फळ्यावर आले तेव्हा मलाही ते नवे होते. हा शोध कुणी पूर्वी लावला असेलच, पण आमच्या वर्गात तो आज लागला. भूमितीत सर्वांत मागे असलेल्या मुलाने हा त्रिकोण तक्त्यासाठी मागून घेतला आहे. त्याने १२, ३५, ३७ सेंटिमीटरच्या बाजूंचा त्रिकोण पुठ्ठ्यातून कापला, आणि खाली लिहिले, 'प्रत्येक बाजू सेंटिमीटरमध्ये ३००३००३ पट करा'. तेवढा कर्ण अकराशे किलोमीटरच्या पुढे जातो, हेही त्यानेच काढले.

१० डिसेंबर

नावाविषयी. १, १२१, १२३२१ अशा क्रमाने आपल्या संख्येपर्यंत येणाऱ्या या वर्गसंख्यांना डेमलो संख्या म्हणतात, आणि हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी दिलेले आहे. त्यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूला झाला. देवळालीच्या शाळेत ते शिक्षक होते आणि शाळेचे काम सांभाळून आयुष्यभर संख्यांचा अभ्यास करत राहिले. या संख्यांची कल्पना त्यांना ज्या रेल्वे स्थानकावर सुचली त्यावरून हे नाव पडले. ते स्थानक म्हणजे तेव्हाच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेवरील, मुंबईपासून तीस मैलांवरचे, आजचे डोंबिवली. वर्गातल्या निम्म्या मुलांचे नातेवाईक डोंबिवलीत राहतात. ज्या फलाटावरून ते रोज लोकल पकडतात तिथे ही कल्पना जन्मली, हे ऐकून दोघा-तिघांनी घरी फोन करून सांगितले. हर्षद संख्या हे नावही कापरेकरांचेच. आणखी एक धागा मुलांना दाखवला : ९९९९९९९९९ चा वर्ग ९९९९९९९९८००००००००१, त्याचे तुकडे ९९९९९९९९८ आणि १ मिळवले की पुन्हा ९९९९९९९९९. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात, आणि आपल्या संख्येची ८१ पट म्हणजे नेमका हाच वर्ग.

या रूपाचे आकर्षण फार जुने आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात १२३४५६५४३२१ ही संख्या एकपासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी अशी वर्णिली आहे. तीच संख्या २७९९४६८१ × ४४१ या गुणाकारातून मिळते. मुलांनी गुणून पाहिले, आणि मग अवयव पाडून कारणही काढले : ४४१ म्हणजे २१ चा वर्ग, २७९९४६८१ म्हणजे ५२९१ चा वर्ग, आणि २१ × ५२९१ = १११११११. इथे मी थांबवले, एक '१' जास्त लिहिला गेला होता. १११११११ नव्हे, १११११, तेही नाही. शेवटी बोट ठेवून मोजले : सहा एक, १११११११ नव्हे तर ११११११. एकांची संख्या लिहिताना प्रत्येक वेळी मोजून खाली अंकसंख्या लिहायची, असा नियम आज केला.

१४ डिसेंबर

समासातला प्रश्न आज सोडवला. १ भागिले ८१ दशांशात ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असे येते, आठ वगळून. ८१ ने भागणे म्हणजे ९ ने दोनदा भागणे, आणि १ भागिले ९ म्हणजे ०.१११११…, त्याचाच वर्ग घेतला की पुन्हा तीच सरकत्या ओळींची मांडणी, फक्त न संपणारी. स्तंभांत १, २, ३ असे वाढत नऊ, मग दहा, अकरा. दहाचा हातचा नऊला शून्य करतो आणि नऊचा हातचा आठला नऊ करतो. २० नोव्हेंबरला दहा एकांच्या वर्गात जे झाले तेच. आठ गळत नाही. तो हातचा मिळून नऊ झालेला असतो. प्रश्न विचारणाऱ्या मुलीनेच हे फळ्यावर मांडले.

१९ डिसेंबर

तक्ता छपाईला देण्याआधी दोनदा वाचला. एका ठिकाणी १२३४५६७९ च्या जागी 'दुरुस्त' करून १२३४५६७८९ टाइप झाले होते. टंकलेखकाला आठ राहून गेला असे वाटले. पुन्हा बदलून घेतले आणि त्या ओळीखाली 'येथे ८ नाही' असे लिहिले.

संध्याकाळी तीच मुलगी एक पान घेऊन आली. सातवीत शिकलेल्या आठच्या पायाच्या पद्धतीत, जिथे अंक ० ते ७ एवढेच आणि हातचा आठाला घ्यायचा, तिथे तिने सात एकांचा वर्ग केला होता : १२३४५६७६५४३२१, हातच्याविना. अंकांची बेरीज सात सत्ते एकोणपन्नास. आपल्या नेहमीच्या पद्धतीत सात एक म्हणजे २९९५९३ आणि वर्ग ८९७५५९६५६४९. मग तिने २९९५९३ ला ७ ने भागले, ४२७९९ आले, ते पुन्हा आठच्या पायात लिहिले : १२३४५७. तिथे सहा नाही. मी तिचे पान दोनदा तपासले; सगळे बरोबर आहे. तक्त्याच्या उजव्या कोपऱ्यात वीतभर जागा रिकामी होती, ती तिला दिली.